जयवंताच्या दारातला उतारा

कर्जत, सोमवार, ता. ८ जानेवारी १८९४

आलो बाई एकदाचे! पेणहून निघालेली बैलगाडी रात्री खालापुरास सोडली, आज पुन्हा जुंपली, आणि दुपारी कर्जतच्या अंगणात उतरले तेव्हा हाडे न् हाडे खिळखिळी झाली होती. पण मी खुशीत आहे. स्वारींची इथल्या मामलेदार कचेरीत बढतीवर नेमणूक झाली आहे, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मला माझी स्वतःची चूल मिळाली. दोन खोल्या, मागे पडवी, पुढे तुळस. समोर माथेरानचा डोंगर. पलीकडे आगगाडी घाट चढते तेव्हा तिला मागून आणखी एक इंजिन लावतात. दोन जावा एकमेकींना ढकलतात तशी ती ओरडत जातात. मी तर कामे टाकून बघतच बसले.

घरमालक मराठे शेतकरी, घर शेजारीच, अंगण एकच. त्यांची सून जयवंता माझ्याच वयाची, बाविशीची. मी नको नको म्हणेतो माझी ट्रंक तिने डोक्यावर घेतली न् आत नेऊन ठेवली. म्हणाली, वैनी, ह्यात दगड भरलेत का सासरच्यांची गाऱ्हानी? अशी हसते की समोरचा हसल्यावाचून राहत नाही.

अक्षर सुधारावे म्हणून रोज चार ओळी लिहायच्या, असा स्वारींचा हुकूम आहे. आजच्या पंधरा झाल्या. शाबास, द्वारकाबाई!

गुरुवार, ता. २५ जानेवारी

चार दिवस तापाने फणफणले होते. स्वारी कचेरीत, माहेर लांब. जयवंता तिच्या लेकीला, दोन वर्षांच्या सुंदरीला, कडेवर घेऊन यायची आणि दिवसभर माझे डोके चेपत बसायची. सासू सोनाबाई अंगणातून ओरडायच्या की बामनीनीची चाकरी करायला हिला आणली नाय. ही इकडून म्हणायची, मानूस हाय ती, आत्याबाय!

बरी झाल्यापासून मी तिला अक्षरे शिकवते आहे. ‘ज’ काढताना जीभ बाहेर येते तिची. अशी मैत्रीण मला पेणेसही नव्हती. हे मी आज मुद्दाम लिहून ठेवते.

शुक्रवार, ता. ९ फेब्रुवारी

दुपारी आम्ही वाल सोलत होतो. जयवंताने एकाएकी हातातले वाल खाली ठेवले. मग दार लोटून घेतले, माझा हात धरला आणि चोळीच्या आत उजवीकडे नेऊन ठेवला. गाठ. सुपारीएवढी. बोटाखालून सरकते.

दीड महिना झाला म्हणे. नवऱ्याला, मालोजीला, सांगितले नाही, सासूला तर नाहीच. तिची मावशी कशेळ्याला अशाच गाठीने गेली. छाती सडली, मग तिला गोठ्यात ठेवले आणि भाकरी लांबून टाकायचे. जयवंता म्हणाली, वैनी, काय बी करा, पर मला गोठ्यात नका टाकू देऊ. मी तिला जवळ घेतले. म्हटले, मी आहे ना! मुंबईची मडम डॉक्टर महिन्यातून एकदा स्टेशनाजवळच्या बंगल्यात बायकांना तपासते, तिच्याकडे मी तुला नेईन, शेवटपर्यंत तुझ्याबरोबर राहीन.

ती गेल्यावर मी हात धुतला. तीनदा धुतला, चौथ्यांदा राखेने. लिहायला लाज वाटते, पण धुतला.

मंगळवार, ता. २० फेब्रुवारी

देवदर्शनाला जातो असे सांगून आम्ही मडमेकडे गेलो. तिचे मराठी तोडकेमोडके, हात मात्र हलका. गाठ मऊ आहे, हलते आहे, दूध साकळून झाली असेल, बहुतेक भिण्याचे कारण नाही, असे म्हणाली. पण खात्री हवी तर कापून काढून काचेखाली पाहायला हवी. सोमवारी, ५ मार्चला, मुंबईस या. बरोबर एक बाई आणा, धीर द्यायला.

मी पटकन म्हटले, मी येणार.

वाटेत जयवंता माझ्या खांद्यावर डोके ठेवून रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. मालोजीला ती आजच सांगणार आहे. मुंबईची परवानगी त्याच्याकडून काढायलाच हवी. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. आणि मनात हिशेब चालला होता की हिचे डोके माझ्या कोणत्या बाजूला टेकले आहे.

बुधवार, ता. २८ फेब्रुवारी

आज न्हाताना माझ्याच छातीत गाठ सापडली. डावीकडे, तिळाच्या खाली. तुरीच्या दाण्याएवढी, पण खड्यासारखी टणक, आणि हलत नाही.

त्या हातानेच आली! मी उगीच तो हात तिला नेऊ दिला. मागे ओढून घ्यायला काय झाले होते मला? एरवीही तिचा पेला आमच्याकडे निराळाच असतो. आता ती बसते तो पाटही मी मागाहून धुते. ती आली की मी चुलीपाशी काम काढते. तिला कळत नाही. विचारते, वैनी, बरं नाय का? डोकं चेपू?

रविवार, ता. ४ मार्च

उद्या मुंबईस जायचे होते. मी बाहेरची झाले, असे खोटेच सांगितले आणि मागच्या पडवीत तीन दिवसांसाठी जाऊन बसले. आता मला शिवायचे नाही, मला गाडीत बसायचे नाही. कोण विचारणार?

मालोजी न्यायला तयार होता. जयवंताच म्हणाली, वैनीबगर मी सुरीखाली जानार नाय, पुढल्या सोमवारी जाऊ. मला लांबूनच म्हणाली, त्यात काय वैनी, बायकांचं हाय ते, तुमी पडून ऱ्हावा. पेज करून पाठवू?

मंगळवार, ता. ६ मार्च

पाणी भरणाऱ्या मोतीबाईला मी काय ते सांगितले. तिने डोंगरावरच्या ठाकरवाडीतला पोशा भगत कुंपणापाशी आणला. त्याने माझ्याकडे धड पाहिलेसुद्धा नाही. म्हणाला, उतारा काढावा लागेल. दहीभात, लिंबू, अंगावरच्या चोळीची चिंधी. उद्या अमावास्या, भर दुपारी अंगावरून उतरवून ठेवायचा. जो ओलांडेल किंवा उचलेल त्याच्यावर दुखणे जाईल. तिवाट्यावर ठेव म्हणाला.

मी विचारले, तिवाट्यावरून कोणीच गेले नाही तर? म्हणाला, तर तुझ्याजवळच राहील. मग मीच विचारले, एखाद्याच्या दारात ठेवला तर? आता मात्र त्याने माझ्याकडे नीट पाहिले. मग म्हणाला, लागेल, नक्की लागेल. पण तशी वाट एकदा पडली की पडली.

तिला गाठ आहेच की! एक दाणा जास्त झाला तर तिला काय फरक पडणार आहे? हे मी म्हटले. हे मीच म्हटले.

बुधवार, ता. ७ मार्च

ठेवला. पुरुष शेतावर होते, सोनाबाई परसात. जयवंताच्या उंबऱ्याबाहेर पत्रावळ ठेवली आणि घरात येऊन खिडकीच्या फटीला डोळा लावला.

सुंदरी बाहेर आली. लिंबू दिसले तिला. दुडूदुडू निघाली. मी ओरडायला हवे होते. तोंड उघडले होते मी. आवाज काढला नाही.

तेवढ्यात जयवंता धावत आली. पोरीला मागच्या मागे उचलून घरात लोटले, उताऱ्याकडे पाहिले, कपाळाला हात लावला. सोनाबाई ओरडत आल्या, हात नगं लावू. तर ही म्हणाली, लागला तर मला लागू दे, पोरीला नको. दोन्ही हातांनी पत्रावळ उचलली आणि नदीकडे चालू लागली.

माझ्यासमोरून गेली. पत्रावळ छातीशी धरली होती.

गुरुवार, ता. ८ मार्च

नाही! गाठ नाही! दहादा चाचपून पाहिले. देवाला साखर ठेवली, शिकरण केले, दोन वाट्या खाल्ले. गोड लागले मला. तेही लिहिते.

शुक्रवार, ता. ९ मार्च

ती आली. चोळी सोडून दाखवली. उजवीकडची सुपारी तशीच आहे. डावीकडे आणखी एक. टणक, हलत नाही. काल सकाळी पहिल्यांदा हाताला लागली म्हणे. तोवर आवळ्याएवढी झाली होती.

आणि तिच्या वर तीळ. तिला तिथे तीळ नव्हता. म्हणाली, बघा की वैनी, ह्यो कुठनं आला!

घरी येऊन मी आरशात पाहिले. माझा तीळ गेला आहे.

शनिवार, ता. १० मार्च

विळीवर बोट कापले. खोल. भोपळ्याच्या फोडीसारखे उघडले — रक्त नाही. दुखले नाही. बघता बघता मिटले.

अंगणात जयवंता बोट धरून उभी होती. लुगड्याला रक्त. विळीला शिवलेसुद्धा नव्हते म्हणे.

मी फडके दिले तिला. दुरून.

रविवार, ता. ११ मार्च

भाताची पेज पायावर सांडली, उकळती. मला नुसती ओली लागली. पलीकडून किंकाळी आली — मी कान झाकून घेतले.

मोतीबाईला पोशाकडे पिटाळले. त्याचा निरोप — उपाय एकच. जिने ठेवला तिने तोंडावर कबूल करायचे, पदर पसरायचा, म्हणायचे, माझे मला दे. आजवर गेलेले सगळे परत येईल, वाढले असेल तेवढे वाढलेले. खोटे बोलू नको, असेही सांगितले. आता जे जे करशील ते तिच्या अंगावर जाईल.

आवळ्याचे आता लिंबू झाले आहे. मला ते कसे पेलेल? सांगेन. उद्या गाडीत सांगेन. मुंबईत सुरी आहे, मडम आहे, तिथे — म्हणजे काढून घेतील ना लगेच?

किती भित्री आहे मी. शी.

सोमवार, ता. १२ मार्च

सकाळी जायची तयारी झाली. मालोजीने गाडी जुंपली, तिला स्टेशनापर्यंतही चालवत नाही. माझे बोचके बांधून झाले. पदर खोचला — नाही, मोकळा सोडला, पसरायला.

जयवंता स्वतःच माझ्या दारी आली, पाय ओढत. मागे अंगणात सोनाबाई. जयवंता म्हणाली, वैनी, चार दिस झाले, आत्याबायशी भांडन चाललंय. त्या म्हनत्यात उतारा तुमी ठिवलात, त्यांनी बघितलं. मी म्हनलं, माजी वैनी असं करायची नाय. एकदा सांगा त्यांना, म्हंजे तोंड बंद हुईल.

तोंडावर विचारले तिने. याहून सोपे कोणी करून देईल?

मी म्हटले, नाही गं. मी कशी ठेवीन! माझा हात आपोआप तिच्या गळ्याकडे गेला. तुझ्या गळ्याची शपथ, जयवंता, मी ठेवला नाही.

ती हसली. तेच हसणे. वळून सोनाबाईंना म्हणाली, बघा, म्हनलं न्हवतं —

पुढचा शब्द आलाच नाही.

गळा धरला. बोटांच्या मधून फुगत होते — डोळे माझ्यावर — पडली. मी आत आले. कडी लावली.

लिहिते आहे. बोटे दुखत नाहीत. काहीच दुखत नाही.

बाहेर मालोजी तिला हाका मारतो आहे. सुंदरी रडते आहे. सोनाबाई दार बडवताहेत — शिव्या देत नाहीत. वैनी, भाईर या, ती तुमच्या दाराकडं बोट करती, तुमालाच बोलावती, या वो —

त्यांनाही आता माझा विश्वास वाटतो. मी शपथ घेतली ना.

कडी काढायची. पदर पसरायचा. माझे मला दे. एवढेच.

श्वासाचा आवाज येतो आहे अजून. म्हणजे वेळ आहे —

उठते. आले, सोनाबाई, आलेच. एवढी ओळ पुरी झाली की मी