लांबून काढायचे का जवळून

३ एप्रिल, गुरवार
कांदा काढून झाला. कंबर माझी हाय का कोना परक्याची, कळंना.
सांजच्याला थोरल्या जाऊबाई, आक्का, आल्त्या. सोनीचं लगीन आखितीला धरलं, आदल्या दिशी हळद. पोरगी आक्काची, पन न्हाऊमाखू सगळं माझ्या मांडीवर झालेलं. जाता जाता आक्का म्हनल्या, "कोठीची चावी तुमच्याकडं बरं का. तुमच्यासारखं इश्वासाचं कोन हाय." गोड बोलल्या. कोठी मांडवाच्या पार मागं असती, हे त्यास्नीबी ठावं, मलाबी.

६ एप्रिल, रैवार
दिसभर सोनीचा साखरपुडा आठवला. ओटी भरताना मुलाकडची एक बाई म्हनली, "मावशी, तुमी जरा मागं सरा." माझ्या कपाळाकडं बघून म्हनली. मी सरले. त्याच टायमाला ते फोटूवालं पोरगं खुर्च्या ढकलीत म्होरं घुसलं, पायात बूट तसंच. त्याला कोनी मागं हो म्हनलं न्हाई. उलट नवरदेवाच्या मामालाच म्हनले, मामा, मधी येताय.
तवापासून डोक्यात किडा. क्यामेरा घ्यायचा. मुठीत मावंल असला, लई म्हाग न्हाई.
बोकड इकला. कशापायी गेला ते त्याला सांगितलं न्हाई.

९ एप्रिल, बुधवार
दत्तूचा पुन्याहून फोन. "आई, मोबाईलमदी हाय की क्यामेरा."
मी म्हनले, "बाबा, माझी बोटं खरबडलेली, त्या काचंला कळतच न्हाईत. मागं म्हशीचा फोटू काढाया गेले तर तुझ्या सासूला फोन लागला." लई हसला.
खरं कारन येगळंच. मोबाईल हातात धरला की बाई रिकामटेकडी दिसती. क्यामेरा धरला की कामाची.

१३ एप्रिल, रैवार
पारनेर. स्टँडच्या मागं रफिकभाईचं फोटूचं दुकान. म्हनले, "नवा दाखवू का जुना?" मी म्हनले, "मीच जुनी हाय. जुन्याला काय हुतंय."
आदी एक नवाकोरा काढला, त्यावर मेगापिक्शलचा मोठा आकडा चिकटिवलेला. सोताच म्हनले, आकड्यावर जाऊ नका. माझाच फोटू काढून दावला. उकडलेला बटाटा.
"मी आशीच दिसते का हो?"
"न्हाई मावशी, हा क्यामेराच तसलाय."
"मंग बरं."
शेवटी दोन वापरलेले ऱ्हायले. एकाचं नाक भायेर येतं, लांबचं मानूस जवळ आनतो. दुसरा चपटा, त्याचं भिंग हालत न्हाई. मांडवातल्या कमी उजेडात झ्याक काढतो, पन त्वांड मोठं पायजे तर आपुनच उठून म्होरं जायचं. किंमत सारखीच.
रफिकभाई म्हनले, "लांबून काढायचे का जवळून, तेवढं सांगा."
मी म्हनले, घरी इचारून येते.
घरी शेळी हाय.

१४ एप्रिल, सोमवार
दत्तू म्हनतो, नाकवालाच घे. "मागं बसून सगळं येतंय आई. उठायचं काम न्हाई, कोनाच्या मधी जायचं न्हाई."
चांगल्या मनानं बोलला. माझ्या पोरानंबी माझी जागा मागंच धरून ठिवलीय. फोनच्या नादात भाकर करपली.

१७ एप्रिल, गुरवार
हे गेल्यापासून लांबून बघायची सवय लागली. हळदी, डव्हाळजेवनं, बारशी. लांबूनबी दिसतं, न्हाई असं न्हाई. नाकवाला घेतला तर फोटूबी निघत्याल, कोनाला तरासबी न्हाई. मी तिथं हुते हे कोनाला कळायचंबी न्हाई.
आन सोनीला?

२० एप्रिल, रैवार
चपटा घेतला.
"झूम न्हाई बरं का मावशी, मागनं भांडू नका."
"पाय हायेत मला."
गळ्यात अडकवायला दोरी दिली. बटन आर्धं दाबायचं, हिरवा चौकोन व्हस्तोर थांबायचं, मंग पुरं दाबायचं. पयला फोटू शेळीचा. निस्ता कान आला.

२४ एप्रिल, गुरवार
आक्का बघून गेल्या. "हे काय खूळ काढलं?"
"हळदीचे फोटू काढते सोनीच्या."
"मोबाईलवाली पोरं हायेत की."
"पोरं निस्ती सोताचंच काढत्यात. नवरीच्या जागी त्यांचेच दात."
आक्काला हसू आलं, पन दाबलं. "आन कोठी?"
"कोठीला कुलूप हाय. चावी गळ्यात, क्यामेराबी गळ्यात."
"लोक..." म्हनल्या, आन थांबल्या. च्या न पिताच गेल्या.

२९ एप्रिल, मंगळवार
हळद झाली.
मुलाकडची तीच बाई हुती. आदी माझ्या कपाळाकडं बघितलं, मंग क्यामेऱ्याकडं, मंग पदर नीट केला. "माझाबी येतोय ना?" मी म्हनले, "जरा मागं सरा मावशी, उजेड आडतोय." सरली बिचारी. पाप लागंल मला, लागू दे.
सोनीपासून हातभर लांब हुते. एवढ्या जवळ की हळदीचा वास नाकात. ती म्हनली, "काकी, डोळं मिटू का उघडं ठिवू?" म्हनले, "उघडं. माझ्याकडं बघ." तिनं बघितलं. तो फोटू हालला. बाकी चांगले आलेत.
हळद लावाया पाच जनींना बोलावलं, तवा मला कोनी हाक मारली न्हाई. माझ्या हातात काम हुतं.
दिवेलागनीला आक्का शेजारी येऊन बसल्या. सगळे फोटू बघितले, परत पयल्यापून बघितले. म्हनल्या, "ह्यात तुमी कुठंच न्हाई."
"काढनारा कुठं दिसतो आक्का."
मंग म्हनल्या, "उद्या अक्षता पडल्या की माझ्याकडं द्या. बटन कंचं ते दावा. तुमी सोनीजवळ हुबं ऱ्हावा."
दावलं. त्यांनी दाबून बघितलं. चार येळा माझ्या पायाचाच फोटू निघाला. म्हनले, "आक्का, उद्या मुंडकं घ्या जमलं तर."
आता चार्जिंगला लावलाय.
आज तो हातात हुता म्हनून मला कोनी काय म्हनलं न्हाई. उद्या तो आक्काकडं, आन मी मोकळ्या हातानं नवरीच्या शेजारी, सगळ्या बायांच्या म्होरं. हिरवा चौकोन व्हस्तोर हालायचं न्हाई. तेवढ्यात कोनी मागं सरा म्हनलं, तरीबी आक्का बटन दाबत्याल का?
आंजिरी पातळ काढून ठिवलंय. फोटूत उठून दिसंल.