चार मिनिटं अकरा सेकंद

३ फेब्रुवारी, संध्या. ६.३०
मेहुणा आला. सहा महिन्यांनी आला म्हणजे काहीतरी काम असणार. होतंच. लेकीने त्याच्याबरोबर तिचं जुनं गेमचं यंत्र पाठवलंय, दोन्ही हातांत धरून खेळायचं असतं ते. त्यात माझ्यासाठी एक व्हिडिओ टाकलाय. माझा फोन बटणांचा आहे आणि बटणांचाच राहील, कारण जो फोन आपलं ऐकतो तो पुढे कुणाला तरी सांगतो. लेकीला हे ठाऊक आहे. यंत्राला चिठ्ठी चिकटवलीय: "बाबा, यात इंटरनेट नाही, हे कुणी ऐकत नाही. शेवटपर्यंत बघा, मग बोलू. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही."
शेवटचं वाक्य अनावश्यक. मी फक्त मुद्दा स्पष्ट करतो.
आत काय आहे, हिला विचारलं. म्हणाली, तुमचं तुम्ही बघा, मला सांगायची मनाई आहे. माझ्याच घरात मनाई! कुठेतरी पाणी मुरतंय.

४ फेब्रु., सकाळी ७
व्हिडिओ नऊ मिनिटांचा. सुरुवातीला म्हणते, "बाबा, आधी पाणी प्या." प्यायलो. मग तिची खोली, आईचे गुडघे, मी तिला लहानपणी बाजारात तराजू तपासायला न्यायचो ते. मग "आता रागावू नका हं, पण..." आणि टक्. पुन्हा पहिल्यापासून, "बाबा, आधी पाणी प्या."
पाच वेळा लावला. पाचही वेळा बरोबर चार मिनिटं अकरा सेकंदांनी मागे गेला. पाच ग्लास पाणी झालं.

५ फेब्रु.
एकतीस वर्षं वजनमाप खात्यात तपासनीस आहे. अनुभवाने सांगतो, तराजू बिघडत नसतो, बिघडवला जातो. तेच इथे.
संशयित: १) मेहुणा. यंत्र दोन दिवस त्याच्या ताब्यात होतं. २) ही. हसते. ३) वरच्या मजल्यावरचे. त्यांचं ड्रिल मशीन.
व्हिडिओत काय असणार ते उघड आहे. लेक तिकडे शहरात राहून आमच्याच खात्याच्या परीक्षेचा अभ्यास करते. तीन वर्षं झाली. दोनदा थोडक्यात गेली. मंडळाला मी सात पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही, म्हणजे घोळ आहे. यंदाचा फॉर्म भरताना काहीतरी अडलं असणार. "रागावू नका" म्हणजे फोटो विसरली असेल. माझ्याकडे तिचे जादा फोटो आहेत.
संकल्प: आठवड्याच्या आत दोष शोधणे. कुणाचीही मदत न घेणे.

७ फेब्रु., दुपारी २
यंत्र घरच्या काट्यावर तोललं. सकाळी २७९ ग्रॅम, दुपारी २७७. दोन ग्रॅम गेले! आतला भाग कुणीतरी काढला. हिला समोर बसवून रीतसर विचारपूस केली, सकाळपासून कोण आलं, कोण गेलं. म्हणाली, दूधवाला आला होता, त्याला काय करायचाय तुमचा गेम? दूधवाल्याचं खोटं माप मागे मीच पकडलं होतं, हे ती विसरते.
ता.क. मेमरी कार्ड खिडकीत सापडलं. पुसायला मीच काढलं होतं. तरी कार्डाचं वजन दोन ग्रॅम भरत नाही. अर्धा ग्रॅम भरतं. उरलेल्या दीड ग्रॅमचा तपास चालू.

९ फेब्रु.
उपाय आजवर: कार्ड पुसलं. यंत्र बंद-चालू केलं (१४ वेळा). पूर्ण चार्ज करून पाहिलं. अर्धं चार्ज करून पाहिलं. गरम होत असेल म्हणून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवलं. हिने फ्रिज उघडला आणि काही न बोलता बंद केला. निरपराध माणूस काहीतरी बोलला असता.
आता रोज ऑफिसला जाताना यंत्र डब्यात ठेवून डब्याला दोरा बांधतो आणि दोऱ्यावर लाखेचा शिक्का मारतो. शिक्का सरकारी नाही, घरचा आहे.

११ फेब्रु.
शिक्का शाबूत. तरीही ४:११.
म्हणजे गुन्हेगार दोरा न तोडता आत शिरतो. हा सराईत आहे.

१२ फेब्रु.
पहिली चार मिनिटं आता तोंडपाठ. आज ऑफिसात साहेबांनी फाइल मागितली तर तोंडून निघालं, "आधी पाणी प्या." ते प्यायले.

१४ फेब्रु., संध्या. ७
लेकीचा फोन. पाहिलं का, विचारलं.
आता एकतीस वर्षांच्या तपासनिसाने पोटच्या पोरीला सांगायचं का, की तुझं खेळणं मला चालवता येत नाही? म्हटलं, पाहिलं.
पूर्ण? पूर्ण. मी कामं अर्धवट ठेवत नाही.
ती म्हणाली, म्हणजे तुमची हरकत नाही? म्हटलं, हरकत कसली, माझा पूर्ण पाठिंबा आहे, पुढे हो. मग तिने विचारलं, आणखी काही विचारायचंय का मला? म्हटलं, नाही, तब्येत सांभाळ. नक्की काही नाही? नक्की. तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा नाही म्हटलं. "बरं बाबा," म्हणाली आणि फोन ठेवला.
छान झालं. फोटोचा प्रश्न मिटला.

१५ फेब्रु.
ही सकाळपासून गुणगुणतेय. चहा न मागता मिळाला, तोही आलं घातलेला. म्हणाली, मला वाटलं नव्हतं हो तुम्ही तयार व्हाल.
फोटोला कोण तयार होणार नाही?

१६ फेब्रु.
मेहुण्याचा फोन. "भाऊजी, मानलं तुम्हाला. मोठं मन लागतं." एवढं बोलून ठेवला. हा माणूस मला पंचवीस वर्षांत बरं बोलला नाही. मला नीट झोप लागलेली नाही. मी कशाला हो म्हटलंय?

१८ फेब्रु., दुपारी १२
लग्न! दुसरं काय असणार? मोठं मन, हरकत, पाठिंबा. सगळं जुळतं. तिने कुणीतरी निवडलाय आणि मी तिला पुढे हो म्हणालोय.
हिला सरळ विचारता येत नाही, कारण मी पूर्ण पाहिलाय. आडून आडून काढून घेईन. असल्या कामात माझा हातखंडा आहे. कितीतरी दुकानदार माझ्यासमोर आपणहून बोलते झालेत.

१९ फेब्रु.
विचारपूस पार पडली. मी (सहज, पेपर वाचत): तारीख कुठली म्हणाली ती? ही: एक मार्च. मी: किती जण? ही: तिच्याबरोबर बारा. मी: बाराच? ही: त्यांत मुलगी ही एकटीच, म्हणून जरा काळजी वाटते. मी पेपर उलटा धरला होता हे नंतर लक्षात आलं.
बारा जणांत एकटी मुलगी. हे लग्न नाही. मग काय आहे?
तिला जाड बूट आणि हेल्मेट लागणार आहे म्हणे. पुढे ऐकवेना. उठलो.

२२ फेब्रु.
व्हिडिओ ३८ वेळा लावला. ४:११. दात-ओठ खाऊन यंत्र घट्ट धरून ठेवतो, डोळ्यांत तेल घालून बघतो, तरी त्याच क्षणाला निसटतं. "आता रागावू नका हं, पण..."
मी रागावलेलो नाही! बोल ना पुढे!

२६ फेब्रु., दुपारी ४
संकल्प मोडला. यंत्रं दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. दुकान लहान, काउंटरवर काच. त्याने यंत्राला इअरफोन लावून कानात घातले, यंत्र काचेवर ठेवलं आणि नऊ मिनिटं बघत बसला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. मधे एकदा हसला. शेवटी नाक पुसलं.
"चालतोय की पूर्ण," म्हणाला. "मुलगी जिद्दीची आहे तुमची."
म्हणजे आता यालाही माहीत! गावात एकट्या मलाच माहीत नाही!
म्हटलं, माझ्यासमोर लावा. माझ्या हातात दिलं. ४:११ ला टक्. त्याने माझ्या हातांकडे बोट दाखवलं. म्हणाला, काका, मागच्या बाजूला बटण आहे, पहिल्यापासून लावायचं. ती "रागावू नका" म्हणाली की तुमच्या मुठी आवळतात आणि बटण दाबलं जातं. यंत्र ठीक आहे. खाली ठेवून बघा.

२७ फेब्रु.
बोटांचा दोष म्हणे. याच बोटांनी मी अर्ध्या ग्रॅमची खोट पकडलेली आहे. तोही सामील असावा. मेहुण्याच्या घराकडेच दुकान आहे त्याचं.
यंत्र खाली ठेवून बघणार नाही. ठेवलं आणि चाललं, तर त्याचं म्हणणं मान्य केल्यासारखं होईल.

२८ फेब्रु.
नाहीच ठेवणार.

२ मार्च, सकाळी ११
ही बाजारात गेली होती. यंत्र टेबलावर ठेवलं. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो.
"आता रागावू नका हं, पण पहिल्या वेळेनंतर मी परीक्षेला बसलेच नाही, बाबा." पुढे चाललं. अडलं नाही.
दुसऱ्या वेळी ती परीक्षेच्या इमारतीत लिफ्टमध्ये अडकली. सुटका करायला आलेल्या बाईशी बोलत राहिली आणि पेपर बुडाला. तेव्हापासून तिला तेच काम शिकायचंय. लिफ्ट बसवायचं, दुरुस्त करायचं. एक मार्चपासून प्रशिक्षण, बारा जण. म्हणते, तुम्ही मंडळाला पत्रं लिहायचात तेव्हा मला रडू यायचं, कारण त्यांच्याकडे माझा पेपरच नव्हता.
आणि शेवटी: "तुम्ही नाही म्हणालात तर मी थांबेन. तुमच्याशी बोलून, पटवून मगच जाईन. पण तुम्ही माझं शेवटपर्यंत ऐकलंत हे मला कळायला हवं. तपासनिसाची मुलगी आहे मी. फोनवर मला एवढंच विचारा, 'लिफ्ट वर गेली का?' नाही विचारलंत, तर तुम्ही मधेच बंद केलंत असं समजेन, आणि मग वाट बघणार नाही."
तीनदा विचारलं होतं तिने. आणखी काही विचारायचंय का म्हणून.

दुपारी १.१५
जेवणाच्या सुट्टीच्या वेळी फोन लावला. मागे ठोकाठोक चालली होती. म्हटलं, लिफ्ट वर गेली का?
ती आवाजापासून बाजूला गेली. मग म्हणाली, "गेली, बाबा. काल."
म्हटलं, अगं, पण मी चौदा तारखेला हो म्हणालो होतो. तो होकार काय खोटा होता?
ती म्हणाली, "ऐकलं असतंत, तर हो म्हणाला असतात का?"
तिकडून कुणीतरी हाक मारली, तिने घाईत फोन ठेवला. मला उत्तर द्यावं लागलं नाही. इथे लिहितो, ही वही कुणी वाचत नाही.
नसतो म्हणालो.