गट नंबर २१४ चे फाटक आणि भैरूवरचा आळ

मी, जयसिंग राघू मातेरे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार मौजे बोरखिंड, रिहे खोरे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने सोबत जोडलेला डॉक्टरांचा दाखला पाहावा. दाखले दोन आहेत, कारण पहिले डॉक्टर माझ्या मुलाच्या ओळखीचे निघाले. मला कोणी दारू पाजलेली नाही, धमकावलेले नाही, गोड बोलून फसवलेले नाही. गोड बोलण्याचा प्रयत्न दोन वेळा झाला, तो मी ओळखला.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या नावाचे दुसरे एखादे पुढे आले तर ते खोटे समजावे. टाईप केलेले असेल तर नक्कीच खोटे. या कागदाच्या प्रत्येक पानावर माझी सही आहे आणि जिथे जागा मोकळी राहिली तिथे मी आडव्या रेघा मारल्या आहेत, म्हणजे मागाहून कोणाला काही घुसडता येणार नाही.

कलम १. राहते घर, परसातील चार नारळ व गोठा यांसह, माझी पत्नी सौ. रत्नाबाई हिने तहहयात वापरावे. तिच्या पश्चात ते मुलगा इंद्रजित याचे. इंद्रजित नांद्याला राहतो. तो म्हणेल, आई, एकटी कशाला राहतेस, आमच्याकडे चल. रत्नाने जाऊ नये. तो वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण आमच्या खोऱ्यात ज्या घराला कुलूप लागते त्याचे वर्षभरात फार्महाऊस होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

कलम २. बँकेतील ठेव रत्नाबाईची. वारस म्हणून तिचेच नाव लागले आहे ना, हे मी स्वतः तीनदा जाऊन पाहिले. तिसऱ्या वेळी बँकेतील मुलगी हसली. का हसली ते कळले नाही, म्हणून चौथ्यांदाही जाणार आहे.

कलम ३. शेतीची अवजारे गावातील ज्याला लागतील त्याने न्यावीत. फक्त मोठे फावडे शेजारी अण्णासाहेब यांना द्यावे. गेली तीस वर्षे ते दर पावसाळ्याआधी आमचा सामाईक बांध चार बोटे माझ्या बाजूला सरकवत आले आहेत. त्यांचे फावडे आता झिजले असेल. मी काही बोललो नाही, कारण गावच्या तंटामुक्ती समितीचा मी अध्यक्ष आणि ते सचिव. अध्यक्ष-सचिवांतच तंटा निघाला असता तर गावाला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

कलम ४. हे कलम लिहिण्यासाठी मी बाकीची कलमे लिहिली आहेत.

गट नंबर २१४, क्षेत्र एकतीस गुंठे, ही जमीन मी १९९८ साली म्हशीच्या दुधावर खरेदी केली. ती स्वकष्टार्जित आहे, वडिलोपार्जित नाही, त्यामुळे तिचे काय करायचे हे सर्वस्वी मी ठरवणार. या जमिनीच्या पूर्वेच्या बांधावरून कातकरवाडीची माणसे डांबरी रस्त्याला येत-जात असत. मी खरेदी करण्याच्या कितीतरी आधीपासून येत असत. बांधावरून वाडी ते रस्ता चारशे पावले. दुसरी वाट डोंगराच्या सोंडेला वळसा घालून, ओढा ओलांडून. तिला तास-दीड तास लागतो.

माझी भाजी चोरीला जाते असा मला संशय होता, म्हणून २०१० च्या फाल्गुनात मी बांधावर लोखंडी फाटक बसवले. वाडीतल्या भैरूने तहसील कचेरीत अर्ज केला. त्यानंतर आठ दिवसांत माझी पेंढ्याची उडवी पेटली, आगीने गोठा धरला आणि दावणीला बांधलेली म्हैस मेली. आग भैरूने लावली असे मी त्याच दिवशी भर चावडीत बोललो. पाहिले कोणी नव्हते. पण दुसरे कोण लावणार, असे मी विचारले आणि कोणाला दुसरे नाव सुचले नाही.

त्या वर्षी आमच्या गावाने तंटामुक्तीच्या बक्षिसासाठी नाव दिलेले होते. नोंदवहीत एकही तंटा शिल्लक राहता कामा नये, असे अण्णासाहेबांनी मला बजावले होते. आता दोन शिल्लक होते, एक रस्त्याचा आणि एक आगीचा. आम्ही दोन्ही एकाच कागदात मिटवले. समजुतीचा कागद असा की, आग लावल्याचे भैरूला कबूल आहे, गाव पोलिसांत जाणार नाही, आणि त्याबदली वाडी रस्त्याचा अर्ज मागे घेईल व फाटकातून येणार-जाणार नाही. भैरवनाथाच्या देवळापुढे सगळ्यांसमोर त्याला माझ्या पाया पडायला लावले. वाकण्याआधी तो जे म्हणाला ते मी इथे जसेच्या तसे लिहितो, कारण कागदावर ते लिहू दिले नव्हते. तो म्हणाला, "म्या लावली न्हाई. पन वाडीत पोलीस येनार नसतील तर घ्या अंगठा."

बक्षीस मिळाले. वेशीवर पाटी लागली. गावात शांतता नांदते आहे, असे मी भाषणात सांगितले. शांतता होतीच. वाडीतले कोणी आमच्यासमोर आता तोंडच उघडत नव्हते.

२०१९ च्या आषाढात एका दुपारी चारच्या सुमारास भैरूची सून गंगूबाई फाटकाशी आली. मागे चौघांनी झोळी धरलेली. भैरूला फुरसे चावले होते. गंगूबाई म्हणाली, "तात्या, पाया पडते, येवढ्या येळेपुरतं उगडा. वड्याला पानी हाय." मी झोळीकडे पाहिले. पांघरुणाखाली खरोखर आजारी माणूस आहे की वहिवाट पुन्हा पाडून घ्यायचा डाव आहे, असा संशय माझ्या मनात आला. मी म्हणालो, "कागद झालाय ना? मग?" ती वळली. ते लोक सोंडेवरून गेले. भैरू तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. वेळेवर आणला असता तर, असे तिथले डॉक्टर म्हणाल्याचे गावात बोलले गेले.

ती बातमी आली त्या दिवशी रत्नाने माझ्यासमोर ताट ठेवले आणि उभी राहूनच म्हणाली, "भैरूनं न्हाई लावली आग. तुमच्याच राबाचा इस्तू व्हता. म्या वड्यावरनं येताना बघितला. बांधाच्या गवतातनं उडवीकडं सरकत व्हता. मी पळाले, पन पोचेस्तवर पेंढा पेटला."

मी विचारले, इतकी वर्षे बोलली का नाहीस?

"तुमी तवर चावडीत बोलून बसला व्हता. आन बोलले असते, तर माज्यावर तरी इस्वास ठेवला असता का तुमी?"

नसता ठेवला. त्या क्षणीही ठेवला नाही. गंगूबाईने हिला पढवले असेल, असेच मला आधी वाटले. मी ताटावरून उठून बांधावर गेलो आणि ती सकाळ आठवू लागलो. भाताचे रोप टाकण्याआधी आम्ही शेण-पालापाचोळा पसरून जमीन भाजतो, तो राब. राब पेटवला की जागा सोडायची नसते, हातात ओला टहाळा घेऊन विझेपर्यंत उभे राहायचे असते. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्या सकाळी मी राब पेटवला आणि तेवढ्यात तंटामुक्तीची तपासणी करणाऱ्या साहेबांची जीप आली. हार घालायला अध्यक्ष नको का? मी टहाळा टाकून गेलो. वारा उडवीकडे होता. मी अख्ख्या वाडीवर, शेजाऱ्यावर, पोटच्या मुलावर संशय घेतला, पण राब पेटता सोडून गेलेल्या त्या माणसावर कधी घेतला नाही.

त्यालाही आता साडेसहा वर्षे होतील. तरी मी फाटक उघडले नाही. उघडले असते तर लोकांनी विचारले असते, आजच का? मला लाज वाटते. लाज हा शब्द मी या वयात पहिल्यांदा लिहीत आहे.

सबब, गट नंबर २१४ मधील पूर्वेच्या बांधालगतची बारा फूट रुंदीची पट्टी, वाडीच्या हद्दीपासून डांबरी रस्त्यापर्यंत, वाडीतील सर्व घरांना कायमच्या वहिवाटीसाठी देत आहे. फाटक उखडून टाकावे. २०१० चा समजुतीचा कागद खोटा आहे व तो मी, त्या समितीचा अध्यक्ष, खोटा ठरवतो. आग मी लावली.

कलम ५. पट्टी सोडून उरलेली जमीन इंद्रजितची. ती घेण्यासाठी एक बिल्डर त्याच्याकडे खेपा घालतो आहे, हे मला माहीत आहे. इंद्रजित मला म्हणाला, "तात्या, रस्ता दाखवला तर गिऱ्हाईक पळंल." विकायची तर रस्त्यासकट विकावी. कंपाऊंड घालून रस्ता बंद केला तर ही सर्व जमीन त्याच्याकडून जाऊन वाडीची होईल. वकील म्हणतात अशी अट कोर्टात टिकेल न टिकेल. मी ती तरीही लिहितो. मुलगा माझा आहे, कोर्टापेक्षा मी त्याला जास्त ओळखतो.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निवृत्त शिक्षक श्री. किशोर गुरुजी यांनी करावी. त्यांच्यावर माझा विश्वास आहे. तरी एक नक्कल वकिलांकडे ठेवली आहे.

कलम ७. इथवर लिहून झाल्यावर मी अडलो. ज्याच्यावर आळ घेतला त्याचे संपूर्ण नाव कागदात हवे, असे वकील म्हणाले. मला ते माहीत नव्हते. पन्नास वर्षे तो आमच्या लावणीला येत होता आणि आम्ही सगळे त्याला भैरू कातकरी म्हणत होतो. समजुतीच्या कागदावरही तेवढेच आहे. विचारायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून काल सकाळी मी वाडीवर गेलो. जाताना फाटकाचे कुलूप मलाच उघडावे लागले. सोंडेवरून जाण्याइतके माझे गुडघे राहिलेले नाहीत.

भैरूची नात गौतमी दारात होती. ती पौडला कॉलेजात शिकते आणि रोज ओढ्यावरून एसटी गाठते. गंगूबाई मला बघून आत गेली, ती बाहेर आली नाही. मी नाव विचारले. गौतमी म्हणाली, "भैरू गोविंद वाघमारे. कशाला पायजे?" मी कागद तिच्या हातात दिला. कलम चार तिने उभ्यानेच वाचले, पुन्हा वाचले. मला वाटले रडेल, किंवा शिव्या देईल. दोन्हीची तयारी करून गेलो होतो.

ती म्हणाली, "हे तुमी मेल्यावर वाचायचं? मग तुमच्या तोंडाकडं कोन बघनार? आमच्या आज्याला तर समद्यांनी बघितलं. सव्वीस जानेवारीला ग्रामसभा हाय. तितं वाचा. तुमच्या तोंडानं."

ही मला चारचौघांत खाली पाहायला लावू बघते आहे, असा संशय मला तिथेही आला. मग लक्षात आले की संशय खरा आहे आणि मागणी रास्त आहे.

कलम ८ व शेवटचे. भैरू गोविंद वाघमारे यांच्यावरील आळ खोटा होता, हे मी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत भैरवनाथाच्या देवळापुढे स्वतः उभा राहून वाचीन. फाटकाला काल काढलेले कुलूप पुन्हा लावलेले नाही. परंतु मी मला चांगला ओळखतो. त्या सकाळी माझी छाती दुखेल, चष्मा सापडणार नाही, नाहीतर अण्णासाहेब काहीतरी समजूत घालतील आणि मी ऐकेन. या एका बाबतीत माझा माझ्यावर भरवसा नाही. म्हणून किशोर गुरुजींना माझा हुकूम आहे की, मी त्या सभेत हजर असून गप्प बसलो, तर जयसिंग मातेरे मेला असे धरावे, आणि माझ्या देखत उठून हे मृत्युपत्र मोठ्याने वाचावे.

ठिकाण : बोरखिंड, ता. मुळशी, जि. पुणे
दिनांक : २२ जानेवारी २०२६

लिहून देणार :
(सही) जयसिंग राघू मातेरे

आम्हां दोघांच्या समक्ष जयसिंग मातेरे यांनी सर्व मजकूर मोठ्याने वाचून सही केली. कलम चार वाचताना ते दोनदा थांबले, पण कोणी पुढे वाचू का म्हटल्यावर नको म्हणाले.

साक्षीदार :
१. (सही) किशोर दत्तात्रय शेलार, निवृत्त शिक्षक, बोरखिंड
२. (सही) तुळजाबाई विठ्ठल गोळे, अंगणवाडी सेविका, बोरखिंड