शियारच्या घराची चौकट

११ जाने., तबूक, सौदी
राबिघची रिफायनरी सुटली, आता सिनेमाचं गाव बांधतोय. कफीलने, म्हणजे इथल्या मालकाने, पाठवलं, आलो. डोंगराखाली कुर्द लोकांची आठ घरं, प्लायवूड नि प्लास्टरची. शेवटचं शूटिंगमध्ये स्फोटाने उडवायचंय. पाण्याच्या टँकरवरचा शियार बघत उभा होता. सिरियातला कुर्द. म्हणाला, "नज्जार, असला दरवाजा आमच्यात कुणी लावत नाही." नज्जार म्हणजे सुतार. म्हटलं, सुतार मी आहे, पण दाखव बाबा तुमचा कसा असतो.

१४ जाने.
जेवणाच्या सुट्टीत येतो. स्वतःचं घर वाळूत काढून दाखवतो. लढाईत डोळ्यांदेखत पाडलं ते. दरवाजा बुटका, खिडकी पूर्वेला, खिडकीशी बापाचं कामाचं टेबल. "सिनेमात आम्ही एक तर बंदूक घेऊन डोंगर चढतो, नाहीतर मरतो. माझ्या बापाने जन्मभर शिलाई मशीन दुरुस्त केल्या." शेवटचं घर तसंच करायचं ठरवलं. टेबलासकट.

१९ जाने.
सेटला चार खिळे पुरतात. पण चौकटीचे सांधे घरच्यासारखे बसवले, हाताला दुसरं येत नाही. उंबरठ्याला हळदकुंकू लावलं. घरी कळलं तर हसतील. शियार आत गेला, टेबलावर हात फिरवला. मग बराच वेळ टँकरमागे.
उडवणार आहेत ते सांगितलं नाही. आज तरी सांगायला हवं होतं. नालायक आहे मी.

२२ जाने.
डायरेक्टर आला. टेबल बाहेर, तिथे बंदुकांची पेटी. म्हणे, मशीन दुरुस्त करणारा कुर्द कुणाला बघायचाय? टेबल माझ्या खोलीत आणून ठेवलं.

२५ जाने.
उडवलं. धूळ बसली तर भिंती आडव्या आणि चौकट जशीच्या तशी. शॉट वाया. सुपरवायझर नायर अंगावर आला, "इतना पक्का किसने बोला था?" शियार मात्र हसत होता, डोळे पुसत. "बघ, पडली नाही." मग एकदम थांबला. "तुला माहीत होतं?"
हो म्हणून मी मान हलवली. तो टँकर घेऊन निघून गेला.

२६ जाने.
भिंती पुन्हा उभ्या. हुकूम असा, की चौकट दोन्ही बाजूंनी अर्धी कापून ठेव, उद्या पडलीच पाहिजे. नाही म्हटलं तर इकामा, इथे राहायचा परवाना, गेला, थेट घर. शियार पाणी टाकून गेला, जेवायला आला नाही.

२७ जाने., सकाळ
डावी बाजू कापली. उजवीला करवत लावली तर मागे शियार. मला वाटलं अडवणार.
"नीट काप," म्हणाला. "एकदा गावात पडताना पाहिलं, एकदा इथे. आज तिसऱ्यांदा. चौथ्यांदा नको." टेबल घेऊन जा म्हटलं. "ठेवू कुठे?" म्हणाला.
शॉट नऊला. साडेआठ झालेत. उजवी बाजू अजून अख्खी आहे.