औषधाच्या जागी

प्रिय दादा,

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. बाळाला ताप होता म्हणून नाही, तो ओल्या फडक्याने उतरला. दवाखान्याच्या वेबसाईटवर माझ्या हातून घोळ झालाय म्हणून.

ही वेबसाईट तूच बनवलीस आणि हे काम लग्नाआधी तूच मिळवून दिलंस. सातवी शिकलेली पोर कॉम्प्युटरवर काय करणार, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तर तू म्हणालास, फाईल उघडायची, खोडायचं, लिहायचं, सेव्ह करायचं, संपलं. पान म्हणजे नुसती चौकट. आईने बाळाचं वय दाबलं की चौकट त्या नावाची फाईल आत ओढून घेते. आत काय लिहिलंय ते तिला कळत नाही, ती नुसतं नाव वाचते. अगदी तुझ्यासारखी, असं म्हणून खदाखदा हसलास. मी तुला फडकं फेकून मारलं होतं.

काल दुपारी डॉक्टरीणबाईंनी मोठ्या मुलांच्या तापाच्या औषधाचं नवं माप दिलं. मी ते लिहिलं आणि ‘तान्ही’ या फाईलवर सेव्ह केलं. बाळ मांडीवर रडत होतं, पण ते काही कारण नाही. संध्याकाळी घरी त्यालाच ताप चढला. मी फोनवर तेच पान उघडलं आणि चमचा भरला. चमचा ओठाला लागला तेव्हा आठवलं, मागच्या वेळी तर थेंब मोजले होते.

चमचा मोरीत ओतला. पण दुपारपासून किती जणींनी ते पान बघितलं असेल?

फाईल दवाखान्याच्या कॉम्प्युटरवरूनच बदलते, म्हणून सकाळी कुलूप काढलं ती इथे बसलेय. जुनं माप पुसलं गेलंय. अंदाजाने आकडा लिहायची माझी छाती नाही. डॉक्टरीणबाई प्रवासात, त्यांचा फोन बंद. जुनी प्रत फक्त तुझ्याकडे, आणि लग्न झाल्यापासून तू माझा फोन घेत नाहीस. तुला तो माणूस नको होता, मला कळतं. आज त्याचं काही नाही.

म्हणून ‘तान्ही’मधलं सगळं खोडून तिथे हे पत्र लिहितेय. चौकट काय, नाव वाचून हेच आत घेईल.

तुझीच,
धांदरट

बायांनो, वय दाबल्यावर औषधाच्या जागी हे आलं असेल. काल इथे बघितलेलं माप देऊ नका. दिलं असेल तर बाळाला घेऊन आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जा. आणि जी कोणी वाचत असेल तिने माझ्या भावाला फोन करून हे पान उघडायला सांगावं. नंबर पानाच्या तळाच्या पट्टीत आहे. ती पट्टी वेगळ्या फाईलमधून येते, तिला मी हात लावलेला नाही. तुमचा फोन तो उचलेल.