रूडीचा ट्रॅक्टर आणि बाहेरून उघडणारं दार

टॅमरॅक कॉर्नर, मिशिगन
१९ जानेवारी

तीर्थस्वरूप आयलीताईला धाकट्या रूडीचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? गॉर्डनदाजींचा रक्तदाब ताब्यात आहे ना? तुम्ही दोघं ॲरिझोनात जानेवारीत अंगणात बसून जेवताय असा फोटो तू नाताळात पाठवलास, तो ब्लांशने फ्रिजवर लावला आहे. मी फ्रिज उघडताना दुसरीकडे बघतो. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून साचलेला बर्फ दिसतो आणि वरच्या अर्ध्या भागातून पडणारा, एवढं सोडलं तर. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधे बोलतेस (राग मानू नकोस, आईही बोलायची), म्हणून कागदावर उतरवतो आहे. चहा करून घे आणि मग वाच.

ऑक्टोबरात माझ्या हृदयात ती बारीकशी जाळी बसवली हे तुला ठाऊक आहेच. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण नजर थेट आपल्या तिसरीच्या बाईंची. म्हणाल्या, यापुढे फावडं हातात घ्यायचं नाही. मी विचारलं, लहान फावडं चालेल का? त्यावर त्या ब्लांशकडे बघून हसल्या. घरी येऊन बघतो तर चारही फावडी गायब. (ती चर्चच्या तळघरात पाद्रीबाबांच्या राखणीत आहेत, हे मला पुढे महिन्याभराने कळलं.) आता ज्या गावात वर्षाला वीस फूट बर्फ पडतो तिथे बिनफावड्याच्या माणसाने करायचं काय? दोन दिवस मी खुर्चीत बसून याच प्रश्नावर विचार केला, आणि तिसऱ्या दिवशी मला बाबांचा ट्रॅक्टर आठवला.

तोच, ज्याच्यावर बसून बाबा बागेतलं गवत कापायचे आणि हिवाळ्यात पुढे पातं लावून बर्फ ढकलायचे. बाबा गेले त्याला बावीस वर्षं झाली, तेवढीच वर्षं तो सौनाच्या, म्हणजे आपल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभा होता. ताडपत्री काढली तर मागच्या चाकाला टेकून एक बर्चचं रोप माझ्या कमरेएवढं झालेलं, आणि सीटच्या गादीत उंदरांच्या इतक्या पिढ्या नांदून गेलेल्या की मी गादी उचलली तेव्हा एकाने माझ्याकडे भाडेकरूकडे बघावं तसं बघितलं. इंजिन ठार जाम. मी प्लग काढून आत तेल सोडलं आणि रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन त्याच्या उशाशी बसायला लागलो. ब्लांश म्हणाली, मी आजारी होते तेव्हा इतका वेळ बसला नव्हतास. (ते खरं नाही. साधारण तितकाच बसलो होतो.)

आता इथे वेंडेलबद्दल सांगायला हवं. आपला शेजारी वेंडेल पेंगेली, खाणीतल्या पंपांवर तीस वर्षं काढलेला माणूस. त्याची बायको, तुझी शाळेतली मैत्रीण अर्मा, मे महिन्यात वारली, तेव्हापासून तो घराबाहेर पडलाच नव्हता. ब्लांश मांस-बटाटा भरून भाजलेली गरम पास्ती घेऊन जायची, तो दार हातभर उघडून ताटली आत घ्यायचा, दुसऱ्या दिवशी धुतलेली ताटली पायरीवर दिसायची. मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा आम्ही स्वयंपाकघरात बसून घड्याळ ऐकलं. त्याच्या मुलीने, जोलीनने, मिनियापोलिसहून फोन करून ब्लांशला सांगितलं की हिवाळा संपला की घर विकून मी बाबांना इकडेच घेऊन येते. बरोबरच होतं तिचं. तरी मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तर पाचव्या दिवशी माझा धीर सुटला. सिलिंडरचं झाकण काढलं, पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि हातोडी घातली. कुंपणापलीकडून आवाज आला, "आणखी एक मार. मग तुला आणि त्याला एकाच खड्ड्यात पुरता येईल." बघतो तर वेंडेल, अंगात कोट नाही, पायात घरातल्या सपाता. सहा महिन्यांत तो माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी हातोडी त्याच्यापुढे धरली. ती त्याने बर्फात फेकून दिली आणि म्हणाला, "हे लोहाराचं काम नाही. तेल बदल, आणि तू गप्प बस."

त्यानंतर ट्रॅक्टर माझा राहिला नाही. वेंडेल सकाळी आठला हजर. पेट्रोलची टाकी गंजली होती, तर तिच्यात मूठभर नट घालून ती मला तीन दिवस खुळखुळ्यासारखी हलवायला लावली. (हृदयाला हे चालतं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, डॉक्टरने फावड्याबद्दल सांगितलंय, टाकीबद्दल नाही.) कार्बुरेटर त्याने स्वतः उघडला, माझ्या हाताला लागू दिला नाही. नोव्हेंबरात एकदाचं इंजिन सुरू झालं, ते इतक्या जोरात की सायलेन्सरमधलं उंदराचं घरटं सगळ्या सामानसुमानासह ब्लांशच्या वाळत घातलेल्या चादरीवर जाऊन बसलं. वेंडेल हसला. ताई, ब्लांश रागाने दारात आली होती, पण त्याला हसताना बघितलं आणि चादर गुंडाळून आत गेली.

इंजिन झालं, पण उघड्या सीटवर बसून वाऱ्यात बर्फ ढकलणं काही माझ्या हृदयाला मानवलं नसतं. केबिन हवी. लाकडाची चौकट मी केली. काचेऐवजी काय लावायचं यावर आमचं घोडं अडलं होतं, तोच एका सकाळी वेंडेल ढकलगाडीत पारदर्शक प्लास्टिकचे जाड पत्रे घेऊन आला. अर्माच्या रोपघराचे. ती त्यात टोमॅटोची रोपं करायची, तुला आठवत असेल. मी म्हणालो, हे राहू दे रे, आपण विकत आणू. तो म्हणाला, "तिथे नुसतं ऊन येतंय. बघवत नाही मला." पत्र्यांवर तिच्या हाताने लिहिलेल्या तारखा होत्या, कुठलं बी कधी पेरलं त्याच्या. पुसू का, असं मी विचारलं नाही. त्यामुळे आता ट्रॅक्टरवर बसलं की डावीकडचं जग 'मिरच्या, १२ एप्रिल' याच्या आरपार दिसतं.

केबिनमध्ये दोन बारीक उणिवा राहिल्या. एक म्हणजे वेंडेलने माझं माप गरम गॅरेजात, सदऱ्यावर घेतलं. कोट, मफलर आणि दोन स्वेटर घालून मी आत मावतो, पण मग हात कोपरापासूनच हलतात. दुसरी उणीव दाराची. दाराला आम्ही वेंडेलच्या माशांना धुरी द्यायच्या कपाटाची कडी बसवली, मजबूत, ओढून घेतली की खट्कन बसणारी. ती फक्त बाहेरून उघडते. हे आमच्या लक्षात आलं नाही, कारण प्रत्येक चाचणीला एकजण आत असायचा आणि दुसरा बाहेर उभा राहून चुका काढायचा.

सहा जानेवारीच्या सकाळी चार फूट बर्फ पडून थांबला होता. मी खिडकीतून बघितलं तर वेंडेलच्या धुराड्यातून धूर नाही. फोन केला, उचलला नाही. ब्लांशने काही म्हणायच्या आत मी केबिनमध्ये बसून दार ओढून घेतलं होतं. तीनशे पावलांचं अंतर, मला वीस मिनिटं लागली. इंजिनाची ऊब आत घेणारी नळी वेंडेलने इतकी चोख बसवली आहे की मी घामाने निथळलो, पत्र्यांवर वाफ धरली, आणि पुसायला हात वर जाईना. नाकाने भोक पाडून बघत होतो. त्याची टपालपेटी मला दिसली ती चाकाखाली गेल्यावर. अंगणात शिरलो, नाकाचं भोक पुन्हा पाडलं, तर वेंडेल पायऱ्यांखाली बर्फात आडवा. सपाता घातलेला, पाय भलत्याच दिशेला.

मी इंजिन बंद केलं, दार ढकललं, आणि कडीचा स्वभाव मला त्या क्षणी समजला. लाथ मारायलाही जागा नाही. मी आत ओरडतोय, तो बाहेर ओरडतोय. शेवटी ताई, तो मोडलेल्या घोट्याचा माणूस कोपरांवर सरपटत बारा फूट आला आणि त्याने मला बाहेर काढलं. वर म्हणाला, "वाचवायला आलायस ना? मग ये." मी त्याला माझ्या कोटात गुंडाळलं, लाकडं ओढायच्या घसरगाडीवर निजवलं आणि ट्रॅक्टरमागे बांधून रस्त्यापर्यंत नेलं. ब्लांशने फोन केल्यामुळे ॲम्ब्युलन्स तिथे थांबली होती. किती वेळ तो तसा पडून होता, कोण जाणे. मी विचारलं तर विषय बदलतो. फार मोठ्या मनाचा माणूस.

आता तो आमच्याकडे शिवणाच्या खोलीत आहे, पायाला प्लास्टर. कॉफी पातळ आहे, मी दाढी चुकीच्या बाजूने सुरू करतो, असं त्याचं दिवसभर चाललेलं असतं. ब्लांश खूश आहे. गॉर्डनदाजींना नमस्कार सांग.

तुझा,
रूडी

ता. क. कडी आता आतूनही उघडते.

ता. क. २. खरं काम राहिलंच. फेब्रुवारीत प्लास्टर निघेल आणि जोलीन आता हिवाळा संपायची वाट न बघता त्याला न्यायला येईल. मी 'राहा' म्हटलं तर राहणार नाही, आपलं ओझं होतंय असं त्याला वाटेल. तुझं तो ऐकतो. तू त्याला एक पत्र लिही, की रूडीचं हृदय तसलं, त्यात तो ट्रॅक्टर, मला काळजी वाटते, तू त्याच्यावर लक्ष ठेव. मी सांगितलं म्हणून लिहिलंस हे त्याला कळता कामा नये.

ता. क. ३ (हे अक्षर रूडीचं नाही, वेंडेलचं आहे). आयली, तिकीट लावायला रूडीने पत्र माझ्याकडे दिलं आणि पाकीट उघडंच होतं. वाचलं. धूर नव्हता कारण मी त्या सकाळी धुराडं साफ करायला काढलं होतं, आणि फोन मला ऐकू आला नाही. त्याने टपालपेटी चिरडली तो आवाज मात्र ऐकू आला. बघायला धावत बाहेर आलो आणि पायरीवरून घसरलो. पडून मला दीड मिनिट झालं असेल. हे त्याला सांगू नकोस, त्याला वाटतं त्याने मला वाचवलं. आणि ते पत्र लवकर पाठव. जोलीनला दाखवायला माझ्याकडे काहीतरी लेखी हवं. — वेंडेल