नाकावरच्या सहा रेषा आणि लाल टॅग

कोहका, भिलाई
रविवार

चि. डॉ. संघमित्रा हिला प्रफुलमामाचा सप्रेम जय भीम.

नागपुरात तुझा त्वचेचा दवाखाना जोरात चालला असेल, दुपारचं जेवण क्वचित दुपारीही होत असेल आणि तुझ्या आईच्या गुडघ्यांनी थंडीशी तह केला असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही धडधाकट आहोत. निदान ज्या अवयवाविषयी हे पत्र आहे तो अजून जागेवर आहे. (हे फोनवरही सांगता आलं असतं, पण आमच्या घरात एकाचा फोन सगळेच ऐकतात.)

आपल्या प्रेरणाचं लग्न पाच आठवड्यांवर आलं. परवा घरच्यांचे फोटो काढायला आलेला फोटोवाला आमच्यापैकी एकाला सर्वांसमक्ष म्हणाला, "नाक ढीला छोडो ना जी!" तेव्हापासून तुझ्या मामीला आपल्या नाकाच्या दोन्ही बाजूंच्या तीन-तीन रेषांनी ग्रासलं आहे. नासिका श्वासोच्छ्वासासाठी असते, प्रदर्शनासाठी नव्हे, हे मी तिला परोपरीनं समजावलं. पण ऐकतं कोण! अशात नेहरू नगरात एका 'ग्लो सेंटर'ची पाटी दिसली: सुई टोचून स्नायू सैल, रेषा गायब, दहा मिनिटांत. अठ्ठावीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या माणसाचा दहा मिनिटांत काही होतं यावर विश्वास बसत नाही. म्हणून मामीच्या वतीनं चौकशीला मी स्वतः गेलो.

सोबत शेजारचे भय्याजी होते. ते स्टील प्लांटच्या सेफ्टी डिपार्टमेंटमधून चार वर्षांपूर्वी रिटायर झाले, तरी सुनेला अजून मिक्सरही विचारल्याशिवाय लावू देत नाहीत. प्लांटात मशीनला हात लावण्याआधी शटडाऊन घेतात, परमिटवर सह्या होतात आणि स्विचवर लाल टॅग लटकवतात: 'सुरू करू नये'. तसला एक टॅग भय्याजींच्या खिशात कायम असतो. (लग्नाच्या पंगतीतही. मी पाहिला आहे.)

सेंटरच्या मालकीण रेणू मॅडम. त्या हसल्या, पण ओठांखेरीज चेहऱ्यावरचं काहीच हललं नाही, तिथेच माझा पहिला संशय. "बसा ना अंकल, बस दो मिनट." मी बसलो (केवळ खुर्ची किती मागे जाते ते पाहायला). त्यांनी नाकाला बधिर करायचं मलम लावलं (तेही मी परीक्षणार्थच लावू दिलं). इकडे भय्याजींची तपासणी सुरू झाली.

"सुई कोन टोचते?"

"गौरव सर."

"डॉक्टर हायेत?"

"सर्टिफिकेट है ना!"

सर्टिफिकेट भिंतीवर होतं. दोन दिवसांच्या शिबिराचं. मग औषध मागवलं. फ्रिज उघडला तर पुढे दही, मागे कोथिंबीर आणि मध्ये ती बाटली. सील तुटलेलं, लेबल अर्धं खरवडलेलं, तारखेच्या जागी नखांच्या खुणा.

"कवा खोलली?"

"अभी अभी."

"अभी म्हंजे कोन्या महिन्यात?"

स्नायूंचा काही आजार आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे मला (म्हणजे मामीला) कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. जागा चुकली किंवा मात्रा जास्त झाली, तर वरचा ओठ लोंबतो, हसू वाकडं होतं आणि सरळ व्हायला आठवडे, कधी महिने लागतात, असं तूच दिवाळीत सांगितलं होतंस. मुलीच्या लग्नात वाकडं हसू म्हणजे व्याह्यांना वाटायचं, आम्हाला जावई पसंत नाही. मी बधिर नाकानं तशी शंका काढली. रेणू मॅडम म्हणाल्या, "कुछ नहीं होता अंकल."

हे वाक्य भय्याजींनी प्लांटात प्रत्येक अपघाताच्या आधी ऐकलेलं आहे. एका हातात हातमोजा चढवून गौरव सर आत आले, त्याच क्षणी भय्याजींनी लाल टॅग काढून लटकवला. (कुठे, हे गौण आहे.) "शटडाऊन! परमिट नाही तं काम नाही!" आम्ही बाहेर पडलो, तर बाकावर नंबर लावून बसलेल्या दोन बायाही आमच्यामागे निघाल्या.

असो. आईला जय भीम सांग.

नाकासकट सुखरूप,
तुझा प्रफुलमामा

ता. क. १: येत्या शनिवारी मामीसाठी वेळ राखून ठेव. लग्नाला अवकाश आहे, तोवर सूज-डाग काही आलं तर उतरेल. बाटलीचं सील माझ्यासमोर फोड आणि परमिटवर सही कर (भय्याजींनी छापील नमुना दिला आहे, सोबत जोडतो). मामीला यायला जमलं नाही, तर मी एकटाच येईन. नाकाचं माप साधारण सारखंच आहे.

ता. क. २: संघू, मी सुजातामामी. पाकीट टाकायले माह्या हाती दिलं, म्हून वाचलं. माह्या नाकावर एकबी रेघ नाही. फोटोवाला तुह्या मामालेच बोलला होता. सेंटरात गेले त्या दिवशी हे शर्टाच्या गुंडीले लाल टॅग लटकवूनच घरी आले, अन् नाकाले मलम. मी इचारलं तं म्हने, भय्याजीच्या नातवाचं खेळनं हाय. तुह्या मामाचा चष्मा घसरते, हाताले खडू राह्यते, म्हून नाक आकसूनच वर ढकलते, त्याच्यानंच रेघा पडल्या. दांड्या कसून आनल्या म्या काल. शनिवारी मी त्याह्यलेच पाठवून राहिली तुह्याकडे. नीट तपासजो, गोळ्याचं इचारजो, पन सुई नको टोचजो बाई. खोटं बोलताना हे नाक असं आकसते, तवाच तं मले समजते. ते बंद झालं तं माहं कसं होईन?